९० टक्के अ‍ॅक्युरसी, तरी दहा फटके पूर्ण का होत नाहीत?

आजचा एपिसोड माझ्या मुलुंडच्या मामेभावामुळे होतोय. त्याच्या कॉलेज फेस्टमध्ये पोकेमॉनची टुर्नामेंट होती. पोरगा फायनलला पोचला, समोरच्याचा शेवटचा पोकेमॉन उरला होता, याने पॉप्युलेशन बॉम्ब मारला आणि चौथा फटका चुकला. पुढच्याच टर्नला हा हरला. रात्री मला फोन : "दादा, गेम सेट आहे. नव्वद टक्के लिहिलंय आणि नेमका माझाच चुकतो! मी आता खेळणारच नाही."

गेम सेट नाहीये. पण त्याला तसं का वाटलं हे कळायला मल्टी-हिट मूव्ह आतून कशी चालते ते बघावं लागेल.

ज्यांनी फक्त पोकेमॉन गो खेळलंय (तेच, २०१६ च्या डिसेंबरमध्ये जिओबरोबर भारतात आलेलं), त्यांनी ते जरा बाजूला ठेवा. तिथला बुलेट सीड साधा फास्ट अटॅक आहे. आपण बोलतोय ते मुख्य गेम्सबद्दल आणि शोडाउनबद्दल, जे फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट चालतं.

मुख्य गेममधला बुलेट सीड २ ते ५ वेळा लागतो. प्रत्येक फटक्याची पॉवर २५. लागणार की नाही हे एकदाच ठरतं, मग किती वेळा लागणार याची चिठ्ठी निघते. चिठ्ठी म्हणजे अगदी चिठ्ठीच. शोडाउनचा कोड ओपन सोर्स आहे, मी उघडून बघितला. त्यात २० आकड्यांची यादी आहे : सात वेळा २, सात वेळा ३, तीन वेळा ४, तीन वेळा ५. सोसायटीच्या गणपतीत हाउझीचा आकडा काढतात, तसा त्यातून एक उचलायचा. सरासरी ३.१ फटके. स्किल लिंक अ‍ॅबिलिटी असेल तर कायम ५, आणि लोडेड डाइस दिला असेल तर ४ किंवा ५.

पॉप्युलेशन बॉम्बचं गणित वेगळं आहे. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये माउसहोल्ड आला, म्हणजे तीन किंवा चार उंदरांचं अख्खं कुटुंब. (वन रूम किचनमध्ये वाढलेल्यांना लगेच जवळचं वाटेल.) ही त्याची मूव्ह. पॉवर २०, टेक्निशियन अ‍ॅबिलिटीने ती दीडपट, म्हणजे ३०. दहाही फटके लागले तर ३००! पण इथे अ‍ॅक्युरसी प्रत्येक फटक्याआधी तपासली जाते. एक चुकला की पुढचे सगळे रद्द.

आता समजा तुम्ही बोरिवलीहून निघालात. अंधेरीपर्यंत लोकल, तिथून घाटकोपरपर्यंत मेट्रो, पुढे बस. प्रत्येक गाडी वेळेवर मिळण्याची शक्यता ९० टक्के धरा. तिन्ही मिळण्याची? ०.९ तीनदा गुणा, ७३ टक्के. अशा दहा गाड्या बदलायच्या असतील तर ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास दोन वेळा पॉप्युलेशन बॉम्ब मधेच थांबणार. सरासरी सहा फटकेही पडत नाहीत. भावाचा चौथ्याला चुकला, त्यात नवल काहीच नव्हतं. स्क्रीनवरचे ९० हे एका फटक्याचे आहेत, हे मात्र गेम कुठे ठळक सांगत नाही. तेवढी त्याची तक्रार मला मान्य आहे.

यावर उपाय म्हणजे वाइड लेन्स. अ‍ॅक्युरसी १.१ पट, म्हणजे ९० चे ९९. वाढ फक्त नऊची, पण ०.९९ दहादा गुणलं तर दहाही फटके लागण्याची शक्यता ३५ वरून थेट ९० टक्क्यांवर जाते. आमच्या ऑफिसातही हेच : एक रिक्वेस्ट दहा सर्व्हिसेसमधून जाते, प्रत्येक टीम "आमचं ९९ टक्के चालतं" म्हणते, आणि तरी दहातली एक बोंबलते.

फटके सुटे असण्याचा फायदाही मोठा आहे. फोकस सॅश फुल एचपीवरून एका फटक्यात मरू देत नाही, पण दुसरा फटका लगेच येतोच. सबस्टिट्यूट फुटला की उरलेले फटके थेट आत. उलट समोर रॉकी हेल्मेट असेल, तर अंगाला लागणाऱ्या प्रत्येक फटक्याला आपला एक षष्ठांश एचपी जातो. सहा-सात फटक्यांत आपलंच उंदीर कुटुंब आडवं.

भावाला विचारलं, "माउसहोल्डला आयटम काय दिला होतास?"

"लेफ्टओव्हर्स."

त्या रात्री वाइड लेन्स लावून आम्ही शोडाउनवर दोन वाजेपर्यंत खेळलो. कालच त्याचा मेसेज आला : "दादा, आता समोरचे सगळे रॉकी हेल्मेट घालून येतायत."