शाळेतून सुटलेली मुलं

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, चाळीत नाहीतर कॉलनीत कोरोनाच्या काळात शाळेतून सुटला तो सुटलाच, असा एखादा मुलगा असेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आठवी-नववीत होता, आता विशीच्या घरात आलाय. ना धड शिक्षण, ना धड नोकरी! आणि मुलगी असेल, तर तिच्या मागं लग्नाची घाई.

त्या दिवसांत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठकडची आश्रमशाळांतली मुलं घरी गेली. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, मग ऑनलाईन वर्ग कसले? तेव्हा आदिवासी विकास विभागानं ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम हाती घेतला. पुस्तकं घरपोच दिली आणि शिक्षक पाड्यांवर जाऊन शिकवू लागले. मूल येत नाही ना, मग आपणच त्याच्या दारी जायचं! हीच रीत आपणही उचलायला हवी.

ती कशी, ते पाहा. “काय रे, सध्या काय करतोस?” हा प्रश्न आधी टाळा. तो फार टोचतो. त्याऐवजी, “उद्या सकाळी मोकळा आहेस ना? दाखला आणायला मीही येते,” असं म्हणा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो एका पिशवीत नीट ठेवायला सांगा. १७ नंबरचा फॉर्म भरला, की रोज शाळेत न जाता दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. हा फॉर्म राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. त्याची मुदत मात्र जवळच्या शाळेत वेळेवर विचारून घ्या. मुलाला हातानं काम करायची आवड असेल, तर सातपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी करा. वेल्डरसारख्या ट्रेडला किती शिक्षण लागतं, तेही तिथंच विचारा.

मूल कोणाशी बोलत नसेल, जेवणाखाण्यावरून मन उडालं असेल, तर ‘आळशी’ म्हणून मोकळ्या होऊ नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ ला फोन करा.

सगळ्या गावाचा भार कोणी एकटीनं घ्यायचा नाही. या आठवड्यात एकाच मुलाची, एकाच मुलीची चौकशी करा. फॉर्म भरून झाला, तरी परीक्षेपर्यंत अधूनमधून विचारपूस चालू ठेवा!