घर बघताना भिंतीकडं बघा

भाचीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. “मावशी, घर मिळालं! सांगलीतच. नदीपासून जवळ, परसात नारळाचं झाड, शाळा पाच मिनिटांवर, आणि भाव तर विश्वास बसणार नाही इतका कमी!”

तवा उतरवला आणि विचारलं, “कुठल्या बाजूला गं?”

तिनं सांगितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

आमचं माहेर जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातलं. पाणी म्हटलं की आम्हाला टँकर आठवतो, घागरींची रांग आठवते. नदीकाठी घर म्हणजे आमच्याकडच्या बाईला स्वर्गच! वीस-बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मीही आयर्विन पुलावर उभी राहून कृष्णेकडं बघतच राहिले होते. पण ऑगस्ट 2019 मध्ये त्याच पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथं 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. त्या दिवसांत आम्ही मंडळातल्या बायका एका शाळेतल्या निवारा केंद्रात स्वयंपाकाला होतो. तिथं एक बाई मुलीची दहावीची मार्कलिस्ट बाकावर पसरून वारा घालत बसली होती. घरातलं दुसरं काही तिनं आणलंच नव्हतं.

तर सांगायचा मुद्दा, भाचीचं घर बघायला गेले. दोन वर्षांपूर्वीची, ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. सोबत भाची, जावई आणि विहीणबाई. घर खरंच टुमदार होतं. नवा रंग, चकचकीत फरशी. एजंट पुढं पुढं करत होता. मी आपली भिंतीकडं बघत होते. विजेची बटणं इतकी वर की भाचीला टाचा उंचावाव्या लागत होत्या. मीटर तर त्याहून वर. अहो, हौस म्हणून कोणी बटणं डोक्याच्या वर लावतं का? एकदा पाणी घरात येऊन गेलं की माणूस ती वर नेतो. मी विचारलं, “पाणी येतं का हो?” एजंट म्हणाला, “चोवीस तास, ताई!” त्याला नळाचं पाणी वाटलं, की तसं वाटून घेतलं, देव जाणे.

मी चप्पल घातली आणि शेजारच्या दारात गेले. धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं काही न बोलता फाटकाच्या खांबावरची रेघ दाखवली. माझ्या डोक्याच्या वर. “ही 2019 ची. 2021 ला जरा खाली होती,” ती म्हणाली, “2005 ला आम्ही इथं नव्हतो.” मग आतलं कपाट दाखवलं. फुगलेलं, दार न लागणारं.

बाहेर आले तर जावईबापूंचा चेहरा उतरलेला. विसार म्हणून एकावन्न हजार देऊन झाले होते! आम्हाला घर दाखवण्याआधीच. आता त्यांना काय बोलणार? भाची माझ्याकडं बघेना. विहीणबाई म्हणाल्या, “पूर काय रोज येतोय होय? गणपती मंदिर चालत जायच्या अंतरावर आहे, मला तेवढं पुरे.” त्यांचंही चुकीचं नव्हतं. खेड्यातलं घर-अंगण सोडून येणाऱ्या बाईला देऊळ हवं, ओट्यावर बोलायला माणसं हवीत. गावभागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहतातच, आणि आनंदानं राहतात. पण त्यांचे माळे आहेत, वरचे मजले आहेत, पाणी किती फुटांवर कुठल्या गल्लीत येतं हे पाठ आहे. हे तळमजल्याचं घर, आणि त्यात दोन लहान मुलं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. नदीला दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दोन्हींच्या मधे निर्बंध असतात. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन, आपली जागा कुठं येते ते विचारता येतं. झोन दाखला मागता येतो. आम्ही दोघी गेलो, दोन हेलपाटे झाले, पण कळलं. घर निळ्या रेषेच्या आत. विसारातले निम्मे पैसे कसेबसे परत मिळाले, निम्मे गेले. जावई महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांच्या जागी मीही तशीच वागले असते.

मग स्वस्त म्हणून गुंठेवारीतले प्लॉट बघितले. सांगलीत गुंठेवारी वस्त्या खूप. त्यांना सरसकट नावं ठेवू नयेत, कष्टकरी माणसांनी गुंठा-गुंठा घेऊन उभ्या केल्यात. 2001 चा कायदा आहे, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना नियमितीकरणाची वाट करून दिली. पण त्या प्लॉटचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात असेल तरच बोला, “होऊन जाईल” यावर नको. एप्रिलमध्ये बघितलेला एक प्लॉट आम्हाला फार आवडला होता. जुलैत मी मुद्दाम भाचीला पुन्हा तिथं नेलं. रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच उतरवलं. “पुढं येत नाही ताई, चाक रुततं.” समोरून एक शाळकरी मुलगी बूट हातात घेऊन चिखलातून येत होती. भाची म्हणाली, “चल मावशी, परत जाऊ.”

माझ्या मते वस्ती बघायची ती संध्याकाळी सात वाजता, पायी. क्लासहून मुली एकट्या येतात का, रस्त्यावरचे दिवे लागतात का, कोपऱ्यावर कोण उभं आहे, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. लेआउटमध्ये खुली जागा सोडलेली असते, तीवर मुलं खेळतात की कोणाचं पत्र्याचं शेड उभं आहे तेही बघा. आणि विचारायचं ते बायकांना. पाणी कितीला येतं, किती वेळ येतं, घंटागाडी रोज येते का, हे घरातल्या पुरुषाला बहुधा माहीत नसतं. आमच्या ह्यांना विचारलंत तर आजही सांगता येणार नाही!

शेवटी मी सुचवलं, आधी अकरा महिने भाड्यानं राहा. विश्रामबागच्या पुढं, कुपवाडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जावयांची कंपनी एमआयडीसीत, त्यांना जवळ. शाळा जवळ. पाणी, दिवे, सगळं व्यवस्थित. मी स्वतःवर खूश!

तीन महिन्यांनी सहज गेले तर विहीणबाई गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या, गजातून खाली बघत. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात. “खाली उतरले की चढवत नाही, म्हणून उतरतच नाही,” म्हणाल्या. “तुम्ही पुरातून वाचवलंत हो, पण मी इथं पिंजऱ्यातच बसलेय.” मला काही उत्तर सुचलं नाही. सगळं तपासलं होतं मी, त्यांचे गुडघे तेवढे विसरले. घर निवडताना घरात दिवसभर कोण राहणार, हे मीच विचारलं नव्हतं. बटणांची उंची बघत बसले होते!

अकरा महिने संपले आणि त्याच भागात, आतल्या बाजूला, तळमजल्याचं जुनं घर मिळालं. फरशी साधी, नारळाचं झाड नाही. पण समोर दत्ताचं छोटं देऊळ, गुरुवारी भजन, आणि तिथल्या जुन्या बायकांनी सांगितलं, 2019 ला इथं पाणी नव्हतं, उलट पाहुणे राहायला आले होते. बिगरशेतीचा आदेश, इंडेक्स टू, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं. घर भाचीच्या नावावर केलं. महाराष्ट्रात 2021 पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट पूर्वी होती, ती 2023 मध्ये काढली. जावईबापू हिशेब करून म्हणाले, “मावशी, विसाराचे गेले त्याहून जास्त वाचले की!” तेव्हा कुठं ते माझ्याशी नीट हसले.

ते नदीकाठचं घर मात्र विकलं गेलं. दुसऱ्याच कोणी घेतलं. बाहेरून बदलून आलेलं जोडपं, एक तान्हं मूल. मला कळलं तेव्हा मी गेले, त्या मुलीला खांबावरची रेघ दाखवली. ती गप्प झाली. कर्ज काढलं होतं, आता काय करणार? मी तिचा नंबर घेतला.

मागच्या पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि विहीणबाईंचा फोन. “किती फूट झालं हो आयर्विनला?” सांगितलं. मग त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, “अगं, घाबरू नकोस, अजून इशाऱ्याच्या खाली आहे. पण कागदपत्रं आणि बाळाचे कपडे आजच माळ्यावर टाक.”