किती एचपी? आधी वजन बोला!

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली! 🔧

अशा हलक्या गाडीला फार ताकद लागत नाही. टनामागे किती बीएचपी, हा हिशेब बघा:

👉 जुनी मारुती ८००: साधारण ३७ बीएचपी, ६५० किलो. टनाला ५७.
👉 इंग्लंडची केटरहॅम सेव्हन १७०: सुझुकीचं ६६० सीसी टर्बो, ८४ बीएचपी, सुमारे ४४० किलो. टनाला १९०!

पण ७० किलोचा चालक बसला की १९०चे १६५ होतात. तरीही साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना गंमत हवी, तर हलक्या गाडीला ८०-९० बीएचपी भरपूर. उरलेले पैसे ब्रेक आणि टायरवर घाला. उतरताना तेच कामाला येतात.

तुमच्या गाडीचा आकडा किती? 👇