मांजराला साप चावला तर मांजर वाचतं का? एका शोधनिबंधाचं वाचन

बत्तीस शिराळ्यात सापांबद्दल बोलायला निमित्त लागत नाही. नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजायची इथली पद्धत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 पासून बंद झाली, पण साप काही गाव सोडून गेले नाहीत. पश्चिमेकडे भाताची खाचरं, खाली वारणेकाठी ऊस. भात आणि ऊस म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे साप. आणि उंदरांसाठीच घराघरात मांजर. त्यामुळे पावसाळ्यात मांजर आणि साप समोरासमोर येणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. त्यातूनच एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : "मांजराला विष बाधत नाही."

गंमत म्हणजे या वाक्याला आता "शास्त्रीय आधार" मिळाला आहे, असं सांगणारे मेसेज फिरतात. तो आधार म्हणजे 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठातून आलेला एक अभ्यास. क्रिस्टीना झ्डेनेक आणि ब्रायन फ्राय यांचा. अभ्यास चांगला आहे. पण तो काय सांगतो आणि आपण त्यातून काय ऐकतो, यात बरंच अंतर आहे. पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी पेपर कसा वाचावा यासाठी मला हा नमुना फार सोयीचा वाटतो, म्हणून आज तोच घेऊ.

आधी मूळ प्रश्न. ऑस्ट्रेलियात ईस्टर्न ब्राऊन स्नेक नावाचा अतिविषारी साप आहे. तो पाळीव जनावरांना चावतो तेव्हा प्रतिविष न देताही मांजरं साधारण 66 टक्के वाचतात, कुत्री मात्र 31 टक्केच. प्रतिविष दिल्यावरसुद्धा मांजरं कुत्र्यांच्या पुढेच असतात. असं का, हा प्रश्न.

या सापाचं विष रक्त गोठवणारं आहे. ऐकायला उलट वाटेल, कारण दंश झालेला प्राणी मरतो तो रक्तस्रावाने. होतं असं की विष शरीरभर बारीक बारीक गुठळ्या करत सुटतं आणि त्यात रक्त गोठवणारे घटक संपून जातात. मग खरंच जखम झाली की गोठायला काही शिल्लकच नसतं. संशोधकांनी कुत्र्याचा आणि मांजराचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढून टाकल्यावर उरणारा द्रव, प्रयोगशाळेत घेतला. त्यात या सापाचं आणि जगभरातल्या आणखी दहा सापांचं विष घालून गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. सगळी विषं कुत्र्याच्या प्लाझ्मावर जास्त वेगाने चालली. आणि खरी मेख पुढे आहे : विष न घालताही कुत्र्याचा प्लाझ्मा मांजराच्या मानाने खूप लवकर गोठत होता. म्हणजे कुत्र्याची यंत्रणा मुळातच चटकन पेट घेणारी, विषाला फक्त ठिणगी टाकायची.

ही विष न घातलेली मोजणी म्हणजे कंट्रोल. कंट्रोल नसता तर "मांजराच्या रक्तात विषाविरुद्ध काहीतरी आहे" असा निष्कर्ष निघाला असता आणि तो चुकला असता. मुलाखतीत "कंट्रोल म्हणजे काय" विचारतात तेव्हा पाठ केलेली व्याख्या सांगण्यापेक्षा हे उदाहरण सांगा.

संशोधकांनी वागणुकीचाही मुद्दा मांडला आहे. कुत्रं साप दिसला की नाक आणि तोंड पुढे करतं. तिथे रक्तवाहिन्या दाट, विष झपाट्याने पसरतं. मांजर पंजा मारतं, त्यामुळे दंश बहुधा पायावर. शिवाय कुत्रं दंशानंतरही धावतं-भुंकतं, मांजर कोपऱ्यात जाऊन पडतं. आता विचार करा, 66 आणि 31 मधला फरक किती रक्तामुळे आणि किती या सवयींमुळे? नळीतल्या प्लाझ्माला पंजा नसतो. प्रयोग रक्तातला फरक दाखवतो, पण त्या फरकाने एकूण फरकाचा किती वाटा उचलला हे त्यातून निघत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. हे आकडे ज्या मांजरांचा दंश माणसाच्या लक्षात आला त्यांचे. उसाच्या फडात चावा बसला आणि तिथेच मेलं, ते मांजर "कुठंतरी गेलं" या खात्यावर जमा होतं. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, आणि याचं गाजलेलं उदाहरणही मांजरांचंच आहे. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या 132 मांजरांवरचा एक पेपर 1987 मध्ये आला. त्यात 90 टक्के वाचली आणि सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना इजा उलट कमी दिसली. मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतो, हा प्रश्न मग इतरांनी विचारला.

आणि 66 टक्के हा आकडाच नीट वाचला तरी तीनातलं एक मांजर मरतं. "दुप्पट वाचतात" म्हणजे "काही होत नाही" नव्हे.

आता शिराळ्याकडे या. आपल्याकडचे चार महत्त्वाचे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर चालतं, म्हणून तिथे या अभ्यासाचा तर्क निदान लावून तरी बघता येतो. नाग आणि मण्यार यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या विषाचा मुख्य मारा मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडतात तिथे होतो. तिथले रिसेप्टर विष अडवून टाकतं, स्नायूंना निरोप पोचत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. रक्त सावकाश गोठतं की भराभर, याचा इथे काय उपयोग?

मुंगसाला मात्र इथे खरंच संरक्षण आहे. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं की मुंगसाच्या या रिसेप्टरची रचना थोडी बदललेली असल्याने मण्यारीच्या जातीतल्या सापाचं विष त्याला चिकटत नाही. त्याच गटाने पुढे मांजराचा रिसेप्टर तपासला, तर विष त्याला चिकटलं. मुंगूस आणि मांजर दोघेही साप मारतात म्हणून दोघांना एकाच रांगेत बसवायचं, हे त्यामुळे जमत नाही. मांजराकडे आहे ती चपळाई. चपळाई चुकली की नागासमोर तीन-चार किलोचा जीव उरतो.

वजनाचा मुद्दा प्रतिविषातही येतो आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. औषधाचा डोस वजनावर, म्हणून मांजराला प्रतिविषही थोडंसंच पुरेल असं वाटतं. पण प्रतिविष शरीरासाठी नसतं, विषासाठी असतं. सापाने जेवढं विष सोडलं तेवढं निष्प्रभ करायचं आहे. समोर म्हैस आहे की मांजर, हे सापाने विचारलेलं नसतं. म्हणून लहान जनावराला कमी नव्हे, कधी कधी वजनाच्या मानाने खूपच जास्त लागतं. खर्चही त्यामुळे वाढतो आणि तिथेच पुष्कळ लोक थांबतात. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

घरात मांजर असेल तर लक्ष कशावर ठेवायचं? मण्यारीचा दंश डोळ्यांना दिसेलच असं नाही, त्यामुळे खुणा शोधत बसू नका. चाल डगमगणं, मागचे पाय ओढणं, लाळ गळणं, बाहुल्या मोठ्या होणं, आवाज बदलणं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, पंजा एकदम सुजणं यातलं काहीही दिसलं तर टोपलीत किंवा खोक्यात ठेवून, जमेल तितकं हलू न देता, थेट पशुवैद्यकीय दवाखाना. शासनाचा 1962 हा क्रमांक जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी आहे. चिरा देणं, आवळून बांधणं, तोंडात दूध ओतणं यातलं काहीच नको. गिळता येत नसताना ओतलेलं दूध फुप्फुसात जातं.

आणि पॅरासिटामॉल अजिबात नाही. हे सापाइतकंच महत्त्वाचं आहे. माणसाचं यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करतं तो मार्ग मांजरात जवळजवळ नसतोच. आपली साधी 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते : हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. "कण्हतंय बिचारं" म्हणून दिलेली अर्धी गोळीही दंशाइतकीच वाईट.

रात्री मांजर घरात ठेवता आलं तर उत्तम, कारण मण्यार रात्रीच फिरते. नसबंदी केलेलं मांजर भटकतं कमी. यात सापांचाही फायदा आहे. मांजर नाग आणि धामण असा भेद करत नाही आणि मरतात त्यात बिनविषारी, उंदीर खाणारे सापच पुष्कळ. घरात साप दिसला तर मांजर सोडण्यापेक्षा वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

ज्यांना संशोधनाचा विषय हवा आहे त्यांच्यासाठी एक. ग्रामीण रुग्णालयात घोणसदंशाच्या संशयात काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. ही 20 मिनिटं माणसाच्या रक्तासाठी ठरली आहेत. मांजराचं रक्त मुळातच कुत्र्यापेक्षा सावकाश गोठत असेल, तर त्याच्यासाठी किती मिनिटं धरायची? निरोगी मांजरांचं रक्त, काचेच्या नळ्या, घड्याळ, प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आणि सहकार्य करणारा एक पशुवैद्य, एवढ्यात सुरुवात होते. कोणालाही विष टोचावं लागत नाही. सारांश लिहिताना "मांजरांमध्ये" असं मोघम लिहू नका. कुठली मांजरं, किती वयाची, कोणत्या महिन्यात, हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे.