करंगळीतली अंगठी

टोरोंटो : इथली अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षी बंद दाराआड शपथ घेतात आणि कामाच्या हाताच्या करंगळीत लोखंडी किंवा पोलादी अंगठी घालतात. शपथविधीचा मूळ मजकूर रुडयार्ड किपलिंगचा, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्याचा. पहिला समारंभ 1925 साली माँट्रियलला झाला. कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून या अंगठ्या घडवल्या, असं इथे कुणीही छातीठोकपणे सांगतं. ती दंतकथा आहे; पूल मात्र खरोखर कोसळला होता.

क्वेबेकजवळ, सेंट लॉरेन्स नदीवर. मधला गाळा 1,600 फुटांवरून 1,800 फुटांवर नेला, वजनाचं गणित मात्र जुनंच ठेवलं. दुसऱ्या अभियंत्याकडून तपासणी करायचा प्रस्ताव न्यूयॉर्कला बसलेले सल्लागार थिओडोर कूपर यांनी झिडकारला. ऑगस्ट 1907 मध्ये खालच्या एका तुळईचा बाक आठवड्यात पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. जागेवरचा तरुण अभियंता मॅक्लूर रेल्वेने न्यूयॉर्कला धावला. भार वाढवू नका, अशी तार कूपर यांनी केली. पण ती पूल बांधणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कचेरीला. पुलावर काम चालूच राहिलं. 29 तारखेला, सुटी व्हायच्या सुमारास, पुलासकट खाली जाऊन 75 कामगार मरण पावले. त्यांतले 33 कानावाके वस्तीतले मोहॉक आदिवासी.

मला खटकतं ते हे, की अंगठी फक्त अभियंत्याला. मुदत आणि पैसा ठरवणाऱ्यांची बोटं मोकळीच. पूल बांधणाऱ्या त्या कंपनीचं नाव फिनिक्स. 2016 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने आणलेल्या पगारप्रणालीचंही फिनिक्सच! तिथेही वर्षाला 7 कोटी डॉलर वाचवायच्या नादात पगाराची कामं जाणणारी माणसं आधीच घरी पाठवली, प्रणालीतल्या काही सुविधा छाटल्या, प्रायोगिक चाचणी रद्द केली. पुढच्या वर्षी जूनअखेर दीड लाख कर्मचाऱ्यांच्या पगारात घोळ होता.

खरं कायदेशीर वजन अंगठीला नाही, प्रांताच्या परवान्याला आहे. पुण्याहून पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन आलेल्यालाही त्याशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवता येत नाही. आपली मंडळी त्यावर बोटं मोडतात, पण परवाना म्हणजे चुकीचा जाब देणारा माणूस. सॉफ्टवेअर कंपन्यांना ही अट जाचली. भरती अडते, अशी तक्रार त्यांनी 2022 मध्ये अल्बर्टा प्रांताच्या सरकारकडे केली आणि 2023 मध्ये सरकारने कायदाच बदलला. आता तिथे विनापरवाना ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ होता येतं. तिथल्या कॅल्गरीतली मराठी मुलं खूश आहेत. तुमच्या प्रणालीने कुणाचं नुकसान केलं तर जाब कुणाला विचारायचा, असं म्हटलं की कंपनीच्या वकिलांकडे बोट दाखवतात.