जिताड्याच्या वाटेवर पायाखाली पाहावे

पाऊस ओसरला की शुक्रवारी रात्री बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडहून काही गाड्या मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. डिकीत रॉड, रीळ, दुर्बिणी आणि कॅमेऱ्याच्या लांबलचक लेन्स. खाडीवर मासे गरवायचे, आंबोलीत रात्री विजेरी घेऊन बेडूक-साप पाहायचे, मालवणला डॉल्फिन दिसले तर पाहायचे, असा तीन-चार दिवसांचा बेत असतो. पवई तलावावर गळ टाकून हात बसलेले आणि राष्ट्रीय उद्यानात पक्षी पाहून डोळा तयार झालेले हे लोक. त्यांच्या मोबाइलवर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अशाच सफरींचे व्हिडिओ असतात. तिथल्या नद्यांत ज्या ‘बॅरामुंडी’साठी लोक शेकडो किलोमीटर गाडी हाकतात, तो म्हणजे रायगडचा जिताडा आणि सिंधुदुर्गातला चोणक. मासा तोच, पण त्या व्हिडिओंमधून शिकलेले प्रथमोपचार इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

निघताना घरच्यांच्या मनात भीती असते ती मगरीची आणि बिबट्याची. चिपळूणला वाशिष्ठीत, महाडला सावित्रीत मगरी आहेतच. पवई तलावातही आहेत. काठावर पाण्यात पाय सोडून बसू नये, मासळीची घाण तिथेच टाकू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. रुग्णालयात येणारी प्रकरणे बहुतेक निराळी असतात. ती घडतात गुडघ्याखाली, आणि पाहणाऱ्याचे डोळे तेव्हा झाडावर किंवा गळाच्या टोकाशी असतात.

कोकणात यात पहिले नाव फुरशाचे. वीतभर-दोन वीत लांबीचा, मातकट, जांभ्या दगडाच्या सड्यावर वेटोळे करून बसला तर ओळखू न येणारा हा साप. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले होते आणि वर्षाला दोन लाखांहून अधिक फुरशी मारून आणली जात, अशी नोंद आहे. त्यावरून या सापाच्या संख्येचा अंदाज यावा. फुरसे चावल्यावर पाय सुजतो, दुखतो, पण माणूस बोलत-चालत असतो. त्यामुळे ‘सकाळी बघू’ असे ठरते आणि तिथेच घात होतो. या विषाने रक्तातले गोठवणारे घटक संपून जातात. हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो, आणि तो काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो.

हे ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची आणि मग कलती करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. महागडे यंत्र नाही, वीज नाही; लहानशा आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते.

आता त्या व्हिडिओंमधल्या पट्टीबद्दल. ऑस्ट्रेलियात साप चावला की बोटांपासून मांडीपर्यंत रुंद लवचीक पट्टी घट्ट गुंडाळतात. 1970च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रुआन सदरलँड या डॉक्टरांनी रूढ केलेली ही पद्धत तिथे योग्यच आहे. तिथले जहाल साप नागाच्या कुळातले. त्यांचे विष मुख्यतः शरीरभर पसरून काम करते. फुरसे आणि घोणस यांचे विष चावल्या जागचे मांसही जाळते. घट्ट पट्टीने ते तिथेच कोंडले तर पाय गमावण्याची वेळ येते. शिवाय अंधारात, घाईत, चावलेला साप नक्की कोणता हे कोण सांगणार? म्हणून आपल्याकडच्या शासकीय उपचार-मार्गदर्शिकेत अशी पट्टी नाही, दोरीने आवळणे नाही, चिरा देणे नाही, तोंडाने विष ओढणे तर नाहीच. पैंजण, अंगठ्या, बूट लगेच काढावेत, मोडलेल्या हाडाला देतात तसा फळीचा आधार देऊन पाय स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला उशीर लागणार असेल तर हाताशी असलेल्या गाडीने निघावे. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. दुरून फोटो मिळाला तर ठीक.

ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसे दगावतात. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यामागे सापांच्या जहालपणापेक्षा दवाखान्यापर्यंतच्या वाटेत गेलेला वेळ मोठा आहे. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर मासळी कुठे चांगली मिळते हे विचारतो, तसे सर्पदंशाची लस असलेले जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हेही विचारून ठेवावे. लस स्वतःजवळ बाळगण्याचा काही उत्साही लोकांचा विचार मात्र धोक्याचा. तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीतच शिरेतून द्यावी लागते. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवरच आहे. आंबोलीतला हिरवा चापडा आणि मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे समुद्री साप यांच्यावर ती नाही. तिथे मूत्रपिंडे आणि श्वास सांभाळणे हाच उपचार, आणि त्यालाही रुग्णालयच लागते.

मण्यारीसाठी तर जंगलातही जावे लागत नाही. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. होमस्टेच्या पडवीत अंथरूण टाकणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे.

याच महामार्गावरचे महाड विंचवासाठी वैद्यकाच्या इतिहासात गेले आहे. 1970च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, मरत होती. हातपाय थंड, दरदरून घाम, उलट्या आणि मग फुप्फुसांत पाणी. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून ताडले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरले आणि 1986मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केले. शेकडा तीस-चाळीस असलेले मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पर्यटकाने त्यातून घ्यायचे ते एवढेच: विंचू चावल्यावर नुसते दुखले तर धीर धरता येतो, घाम आणि उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, तर त्याच मिनिटाला गाडी काढावी. आणि सकाळी बूट झटकून घालावेत.

समुद्रात उतरून गरवणाऱ्यांचा शत्रू पाकट. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह अर्विन मगरींशी खेळत मोठा झाला आणि 2006मध्ये पाकटाच्या काट्याने गेला, कारण काटा छातीत घुसला होता. आपल्याकडे काटा बहुधा घोट्याला लागतो. 2013च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांनी हा अनुभव घेतला. वेदना भयंकर असते, पण हे विष उष्णतेने निकामी होते. सोसेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की रुग्ण निवांत होतो. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने घ्यावा. दुखरा पाय भाजला तरी कळत नाही. शिंगाळ्याचा काटा लागला तरी उपाय हाच. गरम पाण्याचा थर्मास सोबत असला तर चहापेक्षा जास्त उपयोगी पडेल. छातीत किंवा पोटात रुतलेला काटा मात्र उपसू नये, तसाच घेऊन रुग्णालय गाठावे. जखम लहान असली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे तपासून घ्यावे. मधुमेही आणि यकृताचा आजार असलेल्यांच्या अशा जखमा फार लवकर चिघळतात. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चालले की पाकट आधीच सरकून जातो.

सफर संपते, गाडी धुतली जाते, फोटो पाठवले जातात. आठ-दहा दिवसांनी मुलुंडच्या घरी ताप चढतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. कोपऱ्यावरचा दवाखाना त्याला व्हायरल म्हणतो, कारण चिखलातून, ओढ्यातून ओरखडलेल्या पायांनी चाललो होतो, हे रुग्णाने सांगितलेलेच नसते. तो लेप्टो असू शकतो. दोडामार्गच्या जंगलात गोचिडी अंगावर चढल्या असतील, तर 2016पासून तिथे आढळलेला माकडतापही. लेप्टो लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडांवर बेतते. डॉक्टर तापाच्या कागदावर ‘किती दिवस’ असे लिहितात, तेव्हाच ‘त्याआधी कुठे होतो’ हेही आपण होऊन सांगावे: नदीचे नाव, गाव आणि तारीख.