ना अपील, ना वकील, ना दलील

गुन्हेगार सापडत नाही? मग त्याच्या जमातीतला जो हाती लागेल त्याला आत टाका, त्यांची दुकानं बंद करा, गाड्या जप्त करा, गावाची नाकेबंदी करा. फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशनचं कलम 21 सरकारी अधिकाऱ्याला हे सगळं करू देत होतं. इंग्रजांनी 1901 साली आणलेला हा कायदा अफगाण सीमेलगतच्या पश्तून मुलखातून गेला तो थेट 2018 साली. पाकिस्तान झाल्यावरही 71 वर्षं तो तिथे ठाण मांडून होता!

खैबर, कुर्रम, वझिरिस्तान अशा सात ‘एजन्सी’ होत्या. प्रत्येकीवर एक पोलिटिकल एजंट. कर घेणारा, पकडणारा आणि शिक्षा देणाराही तोच. हायकोर्टाचे दरवाजे राज्यघटनेनेच बंद ठेवलेले. ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ असं लोक या कायद्याबद्दल म्हणत. 2011 मध्ये त्यात सुधारणा झाली: सामूहिक जबाबदारीखाली बायका, सोळा वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढची माणसं पकडायची नाहीत. या सवलतीवरूनच कळतं, तोवर कोणाकोणाला धरता येत होतं ते.

पश्तून नेते सरहद्द गांधी यांना इंग्रजांनी 1921 मध्ये याच कायद्याखाली तीन वर्षं तुरुंगात घातलं. 1948 मध्ये पाकिस्तान सरकारनेही तेच केलं. कायदा तोच आणि शिक्षाही तितकीच.

कायदा जायच्या आधीच तिथे फौज आली होती. 2014 मध्ये उत्तर वझिरिस्तानात तालिबानविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि जवळपास दहा लाख माणसं घरं सोडून बाहेर पडली. परतणाऱ्यांच्या वाट्याला आले चेकपोस्ट. कार्ड दाखवा, कुठून आलात ते सांगा, कुठे चाललात ते सांगा. आणि ही चौकशी स्वतःच्याच गावाच्या वाटेवर! शेतांत, चराईच्या रानात सुरुंग पेरलेले. उचलून नेलेली माणसं कुठे आहेत, जिवंत आहेत का, याचा पत्ता नाही.

जानेवारी 2018 मध्ये कराचीत नकीबुल्ला मेहसूद हा वझिरिस्तानचा तरुण पोलिसांच्या ‘चकमकीत’ मारला गेला. मॉडेल व्हायची हौस असलेला पोरगा. पोलीस म्हणाले, अतिरेकी. चौकशीत ती चकमक बनावट ठरली, तरी मुख्य आरोपी असलेला पोलीस अधिकारी 2023 मध्ये निर्दोष सुटला. या हत्येनंतर मंझूर पश्तीन नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने डेरा इस्माइल खानहून इस्लामाबादला मोर्चा निघाला आणि त्यातून पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट उभी राहिली. पश्तीनच्या डोक्यावरची लाल-काळी नक्षीची टोपी पाहता पाहता चळवळीची खूण झाली. मागण्या ऐकून मात्र नवल वाटतं. सुरुंग काढा, बेपत्ता माणसांना कोर्टापुढे उभं करा, चेकपोस्टवर अपमान करू नका. यात घटनेबाहेरचं काय आहे?

मे 2018 मध्ये घटनादुरुस्ती होऊन सात एजन्सींचा हा प्रदेश खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला. कोर्टं आली, पण फौज हलली नाही. मे 2019 मध्ये खडकमर इथे लष्करी चौकीपाशी आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसं मेली. लष्कर म्हणालं, हल्ला आधी आमच्यावर झाला. चळवळीने ते साफ नाकारलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने दहशतवादविरोधी कायद्याखाली चळवळीवर बंदी घातली. त्यानंतर काही दिवसांतच खैबरमध्ये जमरूदला हजारोंची जिरगा, म्हणजे पश्तूनांची पंचायत, भरली. तिने दोन महिन्यांत मुलूख सोडायला सांगितलं, ते फौजेला आणि अतिरेक्यांना, दोघांनाही.